मारिया ओरोसा : केचपच्या बाटलीआड गेलेलं काम

आज केळ्याच्या केचपमुळे ओळखल्या जाणाऱ्या फिलिपिन्सच्या अन्नरसायनतज्ज्ञ मारिया ओरोसा यांनी दुसऱ्या महायुद्धात जे अन्न तयार केलं, त्याची मुळं तांदळाच्या कोंड्यात आहेत. गिरणीचा पांढराशुभ्र तांदूळ मनिलात रुळला, तसा ब-१ जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा बेरीबेरी हा आजारही वाढला. तांदळाला पॉलिश करताना हे जीवनसत्त्व कोंड्याबरोबर निघून जायचं आणि कोंडा, आपल्याकडच्यासारखाच, जनावरांच्या खाद्यात जायचा. कोंड्याच्या अर्काने तान्ह्या मुलांचा बेरीबेरी बरा होतो, हे मनिलातल्या अमेरिकन डॉक्टरांनी आणि रसायनतज्ज्ञांनी १९१० च्या आसपासच दाखवलं होतं. पण अर्क हे औषध झालं. कोंडा रोजच्या खाण्यात आणण्याचं काम ओरोसांनी केलं.

त्या बातांगास प्रांतातल्या ताल गावच्या. १९१६ मध्ये सिएटलला जाऊन त्यांनी औषधी रसायनशास्त्र आणि अन्नरसायनशास्त्र शिकून घेतलं. सुट्टीत अलास्कातल्या मासळी डबाबंद करणाऱ्या कारखान्यांत राबल्या. अमेरिकेत नोकरीची संधी असूनही १९२२ मध्ये परतल्या आणि सरकारी प्रयोगशाळेत रुजू झाल्या. अन्न टिकवण्याच्या पद्धती त्यांनी प्रयोगशाळेत अडकू दिल्या नाहीत. गावोगावच्या बायकांची मंडळं उभी करून फळं, मासळी, मांस कसं टिकवायचं हे शिकवलं. वीज नसलेल्या घरात भाजता यावं म्हणून मातीच्या हंडीची भट्टी बसवून दिली.

१९४२ मध्ये जपानी फौजा मनिलात शिरल्या आणि सांतो तोमास विद्यापीठाच्या आवारात हजारो परदेशी नागरिक, बहुतेक अमेरिकन, डांबले गेले. १९४४ च्या अखेरीस तिथला शिधा माणूस जगेल इतकाही उरला नव्हता. ओरोसा एव्हाना एका गनिमी टोळीत कॅप्टन झाल्या होत्या. सोयाबीनची पूड, जिला त्या सोयालॅक म्हणत, आणि कोंड्याची बिस्किटं त्यांनी छावणीत पोचवली. छावणीत ये-जा असलेल्या सुतारांनी पोकळ बांबूंत भरून हा माल आत नेला. पाण्यात कालवली की प्यायला तयार होणारी ही पूड प्रथिनं द्यायची, बिस्किटं ब-१ द्यायची. चुलीची आणि भांड्यांची वानवा असलेल्या कैद्याला पेलेल असंच अन्न त्यांनी निवडलं होतं, हे मला त्यांच्या कामातलं सर्वांत मोठं शहाणपण वाटतं.

फेब्रुवारी १९४५ मध्ये अमेरिकन फौजा मनिला जपान्यांकडून परत घ्यायला आल्या आणि शहरात लढाई पेटली. घरच्यांनी गावी निघून येण्याचा आग्रह धरला, पण आपण सैनिक आहोत आणि आपली जागा इथेच आहे असं सांगून त्या थांबल्या. शहरावर विमानातून बॉम्ब टाकायला अमेरिकन सेनापतीने मनाई केली होती, तोफांना मात्र मोकळीक मिळाली. १३ फेब्रुवारीला तोफगोळ्याच्या तुकड्याने ओरोसा जखमी झाल्या. मलाटे भागातल्या ज्या रुग्णालयात त्यांना नेलं, त्याच्यावरही मारा झाला आणि दुसऱ्या तुकड्याने त्यांचा जीव घेतला. या लढाईत सुमारे एक लाख नागरिक मेले.

आता वादाचा मुद्दा. केळ्याचा केचप कोणाचा? टोमॅटो फिलिपिन्सच्या उष्ण हवेत मुबलक येत नाही, केचप बाहेरून यायचा आणि युद्धाने ती आयातही आटली. साबा जातीची केळी, व्हिनेगर, साखर, मसाले आणि वरून लाल रंग असा पर्याय पुढे आला. ही कृती ओरोसांनी १९३० च्या दशकात बसवली असं एक पक्ष सांगतो. दुसरा पक्ष १९४२ मध्ये कारखानदारी पद्धतीने तो बनवून बाजारात आणणाऱ्या एका उद्योजकाला मान देतो. खरं तर दोन्ही दावे एकमेकांना छेद देत नाहीत. प्रयोगशाळेतली कृती वेगळी आणि बाटलीबंद माल वेगळा. पण माल आणि जाहिराती उद्योजकाच्या हातात राहिल्या, त्यामुळे ओरोसांचं नाव बरीच वर्षं मागे पडलं. अलीकडे ते परत आलं, तेही केचपच्याच वाटेने.

यात अडचण अशी की केचप हा चवीचा भाग होता, सोयालॅक आणि कोंडा जगण्याचा. या दोहोंच्या श्रेयाबद्दल असा वाद नाही. तरीही त्यांच्यावर लिहिताना लोक आधी बाटली काढतात आणि छावणीतली भूक शेवटच्या परिच्छेदात उरकतात.