वस्तुसंग्रहालये आणि समाजमाध्यमे

वस्तुसंग्रहालयांनी फेसबुक, इन्स्टाग्राम, ट्विटर (आताचे एक्स) यांसारख्या माध्यमांवरून लोकांशी चालवलेला संवाद. प्रदर्शनाच्या तारखा आणि तिकिटाचे दर कळवणे हा त्याचा सर्वांत नीरस उपयोग. जानेवारी २००८ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने फ्लिकर या फोटो टाकण्याच्या संकेतस्थळावर जुनी छायाचित्रे खुली केली. एप्रिलमध्ये सिडनीचे पॉवरहाउस म्युझियम त्या उपक्रमात आले. फोटोतली जागा कोणती, माणूस कोण, हे लोकच खाली लिहू लागले.

इंग्लंडमधील रेडिंगच्या म्युझियम ऑफ इंग्लिश रूरल लाइफचे उदाहरण सर्वांत गाजले. रेडिंग विद्यापीठाने १९५१ मध्ये सुरू केलेल्या या संग्रहालयात नांगर, बैलगाड्यांसारखी वाहने, टोपल्या असा खेडवळ ऐवज. फेब्रुवारी २०१६ मध्ये तेथील १५५ वर्षे जुन्या सापळ्यात खराखुरा उंदीर सापडून मेला. संग्रहालयात उंदीर निघणे ही तशी झाकून ठेवायची गोष्ट. पण कर्मचाऱ्यांनी ती हसत जाहीर केली, आणि सापळा ‘जन्मभर टिकेल’ ही मूळ कारागिराची जाहिरातही आठवणीने सांगितली. पुढे ९ एप्रिल २०१८ रोजी एक्समूर हॉर्न जातीच्या मेंढ्याचा १९६२ चा कृष्णधवल फोटो त्यांनी ट्विटरवर टाकला. मेंढा लोकरीने गच्च, जवळजवळ चौकोनी. सोबत एकच ओळ, तीही तरुणांच्या बोलीत. मराठीत म्हणायचे तर ‘काय धिप्पाड गडी आहे बघा!’ जात, वजन, देणगीदार यांची रटाळ जंत्री नाही. हजारो लोकांनी तो पुढे पाठवला.

२०२० च्या टाळेबंदीत दारे बंद झाल्यावर या माध्यमांवरच भिस्त आली. लॉस एंजेलिसच्या गेटी म्युझियमने घरातल्या तीन वस्तू घेऊन एखादे चित्र हुबेहूब उभे करा, असे आवाहन केले. कल्पना मूळची एका डच इन्स्टाग्राम खात्याची. यॉर्कशायर म्युझियमने इतर संग्रहालयांना भयानक वस्तू दाखवण्याचे आव्हान दिले आणि स्वतः रोमन काळातल्या स्त्रीचा दफनात टिकून राहिलेला अंबाडा पुढे केला.

टाळ्या देणारा प्रत्येक जण तिकीट काढतोच असे नाही. शिवाय अंगण दुसऱ्याचे, त्यामुळे नियमही त्याचेच. व्हिएन्नाच्या निसर्गेतिहास संग्रहालयातील ‘व्हीनस ऑफ विलेंडॉर्फ’ या जेमतेम ११ सेंमी उंचीच्या अश्मयुगीन मूर्तीचा फोटो फेसबुकने अश्लील ठरवून काढला होता. २०१८ मध्ये संग्रहालयाने आवाज उठवल्यावर कंपनीने चूक मान्य केली. तरी २०२१ मध्ये त्या शहराच्या पर्यटन मंडळाने संग्रहालयांतील नग्नाकृती दाखवण्यासाठी खाते उघडले, ते थेट प्रौढांसाठीच्या चित्रफितींसाठी ओळखल्या जाणाऱ्या ओन्लीफॅन्सवर.