रात्रीच्या ऑटोमॅटिक फाईल ट्रान्सफरची पार्श्वभूमी: पासवर्ड की किल्ली?

वाळूजची कंपनी असो, लातूरची पतसंस्था असो की जालन्याचा बियाणेवाला, दिवसाचा डेटा रात्री ऑफिसात कुणी नसताना पुण्या-मुंबईच्या सर्व्हरवर गेला पाहिजे, हे काम आता सगळीकडेच असतंय. एफटीपी, म्हणजे नेटवर्कवरून फाईल पाठवायची पद्धत, 1971 पासूनची, पण आपल्याकडे बहुतेकांची सुरुवात विंडोजच्या एफटीपी कमांडनं झाली. टेक्स्ट फाईलमध्ये युजर, पासवर्ड, पुट (फाईल चढवायची कमांड) लिहायचं आणि टास्क शेड्युलरला, म्हणजे ठरल्या वेळी काम चालवणाऱ्या विंडोजच्या सोयीला, लावून घरी जायचं. पासवर्ड वायरवरून उघडाच जायचा, पॅसिव्ह मोड (डेटाची जोडणीही आपल्याच बाजूनं सुरू करायची पद्धत) नसल्यानं फायरवॉलला अडायचं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे फाईल गेली नाही तरी एक्झिट कोड (काम संपल्यावर प्रोग्राम देतो तो निकालाचा आकडा) शून्यच, म्हणजे शेड्युलरच्या लेखी काम फत्ते!

1995 ला एसएसएच, म्हणजे सगळं गुप्त करून पाठवणारी जोडणी, आलं, 1999 ला त्याचंच मोफत रूप ओपनएसएसएच. त्याची फाईल पाठवायची कमांड एसएफटीपी बॅच मोडमध्ये (कमांडची यादी फाईलमधून आपोआप चालवताना) पुट फसलं की तिथंच थांबते आणि एरर कोड देते. पण तिला कमांडमध्ये पासवर्ड देताच येत नाही, हे मुद्दाम तसंच ठेवलंय, आपोआप चालवायचं तर किल्ली, म्हणजे पासवर्डऐवजी ओळख पटवणारी गुप्त फाईल, वापरायची, आणि वाद इथंच आहे. लोकांनी मग एक्स्पेक्ट, एसएसएचपास असले, माणसाऐवजी पासवर्ड भरणारे, मार्ग काढले. त्यांचं म्हणणं, पासफ्रेज (किल्लीचाच पासवर्ड) नसलेली किल्ली डिस्कवर पडलेली असतेच, मग पासवर्ड लिहिला तर काय बिघडलं? बिघडतं. कमांडमध्ये लिहिलेला पासवर्ड प्रोसेस लिस्टमध्ये, म्हणजे चालू प्रोग्रामांच्या यादीत, त्या मशीनवरच्या इतरांना दिसू शकतो. किल्लीचं तसं नाही, ती एकाच आयपीवरून चालेल असं सर्व्हरवर बांधून ठेवता येतं, आणि चोरीला गेली तर तेवढीच काढायची, बाकीच्यांचं काम चालू राहतं. मला तरी पासवर्ड न घेण्याचा हा निर्णय बरोबरच वाटतो.

अडचण खरी तेव्हा, जेव्हा समोरचा फक्त पासवर्डच देतो. तिथं विनएससीपी हे विंडोजवरचं फाईल पाठवायचं टूल कामाला येतं. पासवर्ड, किल्ली दोन्ही घेतं, होस्ट की (सर्व्हरची ओळख पटवणारी खूण) स्क्रिप्टमध्येच लिहिता येते, लॉग ठेवतं आणि मोठी फाईल आधी फाईलपार्ट नावानं चढवून पूर्ण झाल्यावरच खरं नाव देतं, त्यामुळे मधेच लाईट गेली तरी समोरचा अर्धवट फाईल उचलत नाही.

2018 पासून ओपनएसएसएच विंडोज 10 मध्येच मिळू लागलं, तेव्हा वेगळं टूल कशाला असं बऱ्याच जणांना वाटलं. पण 2021 च्या 8.8 आवृत्तीनं शा-वन ही जुनी, कमकुवत ठरलेली पद्धत वापरणाऱ्या आरएसए सह्या (जोडताना ओळख पटवणाऱ्या डिजिटल सह्या) डिफॉल्टनं बंद केल्या, आणि जुना सर्व्हर असेल तिथं स्क्रिप्टला हात न लावताही क्लायंट अपडेट झाला की त्या रात्रीपासून जोडणीच होईना.