रॅम घेण्याआधी चिप मोजा
(जुना डेस्कटॉप वापरणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी)

"रॅम टाकली आणि पीसीच बंद पडला," असं म्हणत दर आठवड्याला कोणीतरी सीपीयूचा डबा उचलून दुकानात येतं. पीसी बंद पडलेला नसतो. पंखा फिरतो, दिवा लागतो, फक्त डिस्प्ले येत नाही, नाहीतर बीप वाजत राहतो. रॅमची नवी पट्टी काढली की सगळं पहिल्यासारखं. मग पट्टी खराब ठरते, आणि तीच पट्टी आमच्या टेस्टिंगच्या मशीनवर झकास चालते.

डीडीआर-२, ३ आणि ४ या रॅमच्या पिढ्या, त्यांच्या खाचा वेगळ्या असतात, त्यामुळे एकीच्या जागी दुसरी बसत नाही, हे बहुतेकांना माहीत आहे. (तरी जोर लावून बसवलेल्यांचे तुटके स्लॉट आम्ही पाहिले आहेत.) पण डोकेदुखी ती नाही. पट्टी नीट बसते, क्लिप 'टक्' करून लागते आणि तरीही चालत नाही, तिथे सगळे फसतात.

यातले बहुतेक पीसी कोअर टू ड्युओ किंवा ड्युअल कोअर प्रोसेसरचे, इंटेलच्या जी-४१ चिपसेटचे (मदरबोर्डवरची मुख्य चिप) असतात. टायपिंग क्लासमध्ये, टॅलीच्या टेबलावर ते अजून राबतायत. डीडीआर-३ वाल्या जी-४१ मदरबोर्डाला पट्टीवरची २ गिगाबिटपेक्षा मोठी चिप (पट्टीवरचा काळा चौकोन) कळत नाही. ८ बिट म्हणजे १ बाइट, तर ४ जीबी म्हणजे ३२ गिगाबिट, म्हणून त्याला ४ जीबीची पट्टी १६ चिपचीच लागते, दोन्ही बाजूंना आठ-आठ. ऑनलाइन स्वस्तात येणारी पट्टी बहुधा एकाच बाजूला ८ चिप असलेली, म्हणजे ४ गिगाबिटच्या चिपची. ती डीडीआर-३ च आहे, ४ जीबीच आहे, पण या बोर्डासाठी ती नाही. ४ जीबीच्या स्टिकरवर '२आर × ८' (2Rx8, म्हणजे १६ चिप) असेल तर घ्या, '१आर × ८' (1Rx8, म्हणजे ८ चिप) असेल तर ठेवून द्या. २ जीबीची पट्टी मात्र ८ चिपची असली तरी चालते. इंटेलच्या पहिल्या पिढीच्या आय-३, आय-५ प्रोसेसरला हेच पथ्य पाळा. एच-६१ चिपसेट आणि त्यानंतरच्या बोर्डांना ८ चिपची पट्टी चालते.

आणखी एक सापळा आहे. १६ चिपची, पण 'फक्त एएमडीसाठी' (एएमडी ही इंटेलसारखी दुसरी प्रोसेसर कंपनी) असलेली पट्टी. इंटेलच्या बोर्डावर ती चालत नाही. किंमत फारच कमी दिसली की आधी तेवढं विचारा. १६०० वेगाच्या (मेगाहर्ट्झ) पट्टीसाठी जास्त पैसेही मोजू नका, जी-४१ वर ती १०६६ च्या आसपासच धावणार.

"८ जीबी टाकली, ३ च दिसते, बाकीची कुठे गेली?" कुठेही गेली नाही. विंडोज ३२ बिटची आहे, ती ३ जीबीच्या आसपासच रॅम वापरू शकते. ६४ बिटची टाकावी लागेल, आणि त्याआधी डेटाचा बॅकअप.

आम्ही मशीन रात्रभर ठेवून घेतो म्हणून काही जण कुरकुरतात. पट्टीवर विंडोज सुरू झाली म्हणजे पट्टी चांगली, असं नसतं. मेमटेस्ट या रॅम तपासणाऱ्या प्रोग्रामच्या फेऱ्यांना जुन्या मशीनवर तास लागतात, आणि चूक कधी तिसऱ्या फेरीत सापडते. बाहेरून आणलेल्या पट्टीच्या तपासणीचे पैसे आम्ही घेतो ते यासाठीच. आमच्याकडून घेतलेल्या पट्टीला ते नाहीत, आणि तुमच्या बोर्डावर ती चालली नाही तर बदलून देतो.

येण्याआधी एवढं घरी करून पाहा: पॉवरची वायर काढा, पट्टीचे सोनेरी पाय खोडरबरने हलके पुसा, एकेका स्लॉटमध्ये एकच पट्टी लावून बघा. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात, आमचा धंदा बुडाला तरी चालेल! नाही मिटली तर बोर्डावर छापलेल्या नंबरचा आणि जुन्या पट्टीच्या स्टिकरचा फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवा. कोणती पट्टी लागेल ते सांगायचे पैसे नाहीत. कधीकधी आम्ही रॅमऐवजी एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी लागणारी वेगवान डिस्क) सुचवतो, कारण ४ जीबी असलेल्या पीसीला फरक तिथे जास्त जाणवतो.

जुनी २ जीबीची चालू पट्टी फेकू नका. नवीच्या बिलातून तिची किंमत वळती करून देतो.