रोबोट की ओपन? आधी स्टेंटपूर्वीचा स्कॅन दाखवा

पित्तनलिकेच्या कॅन्सरचे रुग्ण आणि नातेवाईक यांच्यासाठी, आमच्या नाशिकच्या क्लिनिककडून

फोनवर पहिला प्रश्न हाच असतो: "डॉक्टर, रोबोटने होईल ना?" आम्ही लगेच हो म्हणत नाही, त्याचा काहींना राग येतो. पण गाठ पित्तनलिकेच्या कुठल्या भागात आहे हे पाहिल्याशिवाय शब्द देणं आम्हाला पटत नाही.

नळीचं खालचं टोक स्वादुपिंडातून जातं. तिथल्या गाठीला व्हिपल ऑपरेशन (नळीबरोबर स्वादुपिंडाचं डोकं आणि लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग काढणं) लागतं. निवडक रुग्णांत ते रोबोटने चांगलं होतं: छेद छोटे, रक्त कमी जातं, माणूस लवकर उठून चालतो. भुलेखालचा वेळ मात्र बहुधा वाढतो. गाठ वर, डावी-उजवी नळी एकत्र येते तिथे असेल (क्लॅट्स्किन ट्यूमर), तर नळीबरोबर जवळपास अर्धं यकृतही काढावं लागतं, कधी रक्तवाहिनी कापून पुन्हा जोडावी लागते. अशा वेळी आम्ही बहुतेकांना ओपनच, म्हणजे मोठा छेद घेऊन पोट उघडून, सांगतो. गाठीचा कडकपणा कुठपर्यंत गेलाय हे बोटांना कळतं. "यांच्याकडे रोबोट नाही म्हणून ओपन सांगतात" असंही ऐकलंय. तसं नाही, रोबोट असलेल्या रुग्णालयातही आम्ही ऑपरेशनं करतो. कापलेल्या कडेला कॅन्सर उरला नाही ना, हे टाक्यांच्या लांबीपेक्षा कितीतरी मोलाचं आहे.

आता वेळ खरा कुठे जातो ते. कावीळ झाली की घाईघाईने दुर्बिणीतून स्टेंट (अडलेल्या पित्ताला वाट करून देणारी बारीक नळी) टाकला जातो आणि स्कॅन नंतर होतो. गेल्या पावसाळ्यात निफाडकडच्या एका काकांना मुलगा घेऊन आला. हातापायांवर खाजवून उठलेले ओरखडे, पिशवीत स्टेंटनंतरचा सीटी. स्क्रीनवर नळीची भिंत जाडसर, आत हवा आणि मधून गेलेला स्टेंट. गाठ कुठे संपते आणि स्टेंटमुळे आलेली सूज कुठून सुरू होते, काही केल्या ठरेना. सूज उतरायची वाट पाहून स्कॅन पुन्हा करावा लागला. काही आठवडे गेले, पैसे दोनदा गेले.

म्हणून आधी कॉन्ट्रास्ट सीटी (शिरेतून औषध देऊन केलेला सीटी) आणि एमआरसीपी (पित्तनलिकांचा एमआरआय) करा, ती सीडी आम्हाला दाखवा, मग स्टेंट हवा की नको ते ठरवू. सगळ्यांनाच तो लागत नाही. पण थंडी वाजून ताप येत असेल, रुग्ण बरळत असेल, तर नळीत जंतुसंसर्ग असू शकतो. तेव्हा आमचीही वाट पाहू नका, जवळच्या मोठ्या रुग्णालयात त्याच दिवशी पित्ताचा निचरा करून घ्या.

कावीळ उतरवायची माळ आणि झाडपाला यांत आठवडे घालवू नका, ही हात जोडून विनंती. लघवी गडद, शौच पांढुरकी आणि अंगाला खाज असेल तर सोनोग्राफी त्याच आठवड्यात झाली पाहिजे.

खर्चाचं म्हणाल तर रोबोटची उपकरणं ठरावीक ऑपरेशनांपुरतीच वापरता येतात, म्हणून बिल वाढतं. काही विमा पॉलिसींत रोबोटिकसाठी वेगळी मर्यादा असते, भरती होण्याआधी ती लेखी विचारून घ्या.

येताना नुसता रिपोर्टचा कागद नको, सीडी हवीच. स्टेंटआधीची सीडी पाहून मत देण्याचे आम्ही पैसे घेत नाही. मालेगाव, कळवण, सटाण्याच्या मंडळींनी ती कुणाबरोबर पाठवली तरी चालेल, रुग्णाला एवढा प्रवास करायला लावू नका.