तीनशे हातांचे तारू आणि अडीच हातांचा कोश

“मामा, एवढ्याशा पेटीत हत्ती कसा मावला?”

भाच्याचा प्रश्न रास्त होता. टीव्हीवर शोधमोहिमांच्या मालिकेतला एक भाग चालू होता. डोक्याला दिवा बांधलेला निवेदक जेरुसलेमखालच्या भुयारातून वाकून चालत होता आणि हिंदी डबिंगमधला भारदस्त आवाज दर दोन मिनिटांनी ‘आर्क’, ‘आर्क’ म्हणत होता. भाच्याला नोहाची गोष्ट ठाऊक. आर्क म्हणजे महापुरातून वाचवायला प्राण्यांच्या जोड्या भरलेले जहाज, हे त्याच्या डोक्यात पक्के बसलेले. पडद्यावर मात्र सोन्याने मढवलेली पेटी, तिच्या झाकणावर पंख पसरलेल्या दोन आकृती, आणि ती खांद्यावर घेऊन चाललेले चार पुजारी. हत्तीचे काय झाले, हे त्याने विचारायलाच हवे होते.

त्याच्यासारखा घोळ मोठ्यांचाही होतो, आणि त्याचे खापर टीव्हीवर फोडायचे कारण नाही. हा घोळ साधारण सव्वादोन हजार वर्षांपूर्वीचा आहे.

हिब्रू बायबलात या दोन वस्तूंना दोन वेगळे शब्द आहेत. नोहाने बांधली ती ‘तेवा’. मोशे या संदेष्ट्याला देवाकडून दहा आज्ञा मिळाल्या, त्या दगडी पाट्या ठेवायला केलेली पेटी ती ‘आरोन’. तेवा हा शब्द संबंध हिब्रू बायबलात दोनच ठिकाणी येतो: नोहाच्या जहाजासाठी, आणि तान्ह्या मोशेला ज्यात घालून नाईलच्या काठी लव्हाळ्यांत सोडले त्या डांबर लावलेल्या टोपलीसाठी. दोन्ही पाण्यावर तरंगतात आणि दोन्ही आतल्या जिवाला वाचवतात. आरोन म्हणजे साधी पेटी. योसेफाचे प्रेत इजिप्तमध्ये ठेवले ती शवपेटी आरोनच, आणि मंदिरात दुरुस्तीसाठी पैसे गोळा करायला झाकणाला भोक पाडून ठेवलेली दानपेटीही आरोनच.

इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात बायबलाचे ग्रीक भाषांतर सुरू झाले. भाषांतरकारांनी नोहाचे जहाज आणि मोशेची पेटी या दोन्हींना ‘किबोतोस’ हा एकच शब्द वापरला. पुढे लॅटिनने दोन्हींना ‘आर्का’ म्हटले, इंग्रजीने तेच उचलले, आणि आज हिंदी डबिंगच्या वाटेने ते आपल्या दिवाणखान्यात आले.

गंमत अशी की मराठीत हा गोंधळ व्हायचे कारणच नाही. मराठी बायबलात नोहाचे ते ‘तारू’ आणि मोशेचा तो ‘कराराचा कोश’. तारू हा आपल्याकडे जुना, घरचा शब्द. संतांच्या अभंगांतही ते बंदराला लागते. एवढे नेमके शब्द हाताशी असताना आपण ‘आर्क’ म्हणतो आणि मग हत्ती शोधत बसतो.

मापांतही मराठी वाचक फायद्यात आहे. बायबलातले माप कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचे, म्हणजे आपला हात. तारू तीनशे हात लांब, पन्नास हात रुंद, तीस हात उंच. तीन मजली, गोफेर नावाच्या लाकडाचे, आतून-बाहेरून डांबर लावलेले. हात साधारण 45 सेंटिमीटरचा धरला तर लांबी 135 मीटर होते. कोश अडीच हात लांब आणि दीड-दीड हात रुंद व उंच, म्हणजे आजीच्या लग्नातल्या ट्रंकेएवढा. बाभळीच्या जातीच्या लाकडाचा, आतून-बाहेरून सोन्याने मढवलेला, चार कड्यांत दांडे घातलेला. ते दांडे कधीच काढायचे नाहीत अशी आज्ञा, कारण पेटीला हात लावायचा नाही. बैल अडखळले आणि गाडीवरून कोश कलंडू लागला तेव्हा उज्जा नावाच्या माणसाने तो सावरायला हात लावला आणि तो जागीच मेला, अशी कथा आहे. तारवात जो शिरला तो वाचला, कोशाला जो शिवला तो मेला.

आता शोधाकडे येऊ, कारण टीव्हीला रस असतो तो शोधात.

तारवाचा शोध बहुतेक वेळा पूर्व तुर्कस्तानात, 5,137 मीटर उंचीच्या अरारात पर्वतावर चालतो. मूळ मजकुरात ‘अरारातचे पर्वत’ असे अनेकवचन आहे. तो एका अख्ख्या मुलखाचा उल्लेख आहे, त्या मुलखाचे प्राचीन राज्य इतिहासात उरार्तू म्हणून ओळखले जाते. एका शिखरावर बोट नंतरच्या लोकांनी ठेवले. कुराणात तर जहाज ‘जुदी’वर टेकते, आणि त्या नावाचा डोंगर तुर्कस्तानच्याच आग्नेय भागात, सीरिया-इराकच्या सरहद्दीजवळ आहे. (आपल्याकडे मनूची नाव मत्स्याने ओढून नेली आणि हिमालयाच्या एका शिखराला बांधली, महाभारत त्या शिखराला ‘नौबंधन’ म्हणते. ते शोधायला कॅमेरे घेऊन कोणी निघाल्याचे माझ्या तरी पाहण्यात नाही.)

अरारातवर 1829 मध्ये फ्रीडरिश पॅरट आणि खाचातुर अबोव्यान शिखरापर्यंत पोचले. त्यानंतर शोधकांची रांगच लागली. जेम्स ब्राइस या ब्रिटिश विद्वानाला 1876 मध्ये वर एक लाकूड सापडले. फ्रेंच गिर्यारोहक फेर्नां नव्हारा याने 1955 मध्ये बर्फातून तासलेली तुळई काढली. कार्बन चाचणीत ती इसवी सनाच्या पहिल्या सहस्रकातली निघाली, म्हणजे नोहाला फारच उशिराची. चंद्रावर चालून आलेले अपोलो 15 चे जेम्स आयर्विन 1982 मध्ये इथे चढताना पडून जबर जखमी झाले. मुळात अरारात हा ज्वालामुखी आहे. 1840 मध्ये त्याच्या कुशीतले अकोरी गाव भूकंपात आणि कोसळलेल्या कड्याखाली गाडले गेले. माथ्यावरची हिमनदी सरकत राहते आणि वाटेत येईल ते भरडत नेते. तिच्यात लाकडी जहाज हजारो वर्षे शाबूत राहील, अशी आशा धरायला फार मोठी श्रद्धा हवी.

टीव्हीवर मात्र ते राहते. 1993 मध्ये अमेरिकेत सीबीएस या टीव्ही वाहिनीने नोहाच्या तारवाच्या ‘शोधा’वर दोन तासांचा कार्यक्रम दाखवला. त्यात जॉर्ज जमाल नावाच्या माणसाने आपण अरारातच्या गुहेतून तारवात शिरलो असे सांगितले आणि पुरावा म्हणून लाकडाचा तुकडा पुढे केला. त्याच्या गोष्टीत व्लादिमीर नावाचा सोबती फोटो काढण्याच्या नादात मरतो, त्यामुळे फोटो नाहीत. पुढे उघड झाले की जमाल हा नट, तुर्कस्तानात तो कधी गेलाच नव्हता. लाकूड कॅलिफोर्नियातल्या रेल्वेरुळांजवळून आणून त्याने घरच्या ओव्हनमध्ये सॉस लावून भाजले होते. त्या लाकडाची चाचणी करावी असे प्रक्षेपणाआधी कोणाला वाटले नाही. अशा कार्यक्रमांत ‘तज्ज्ञांचे मत आहे’ हे शब्द कानावर आले की मला हा भाजलेला तुकडा आठवतो.

अरारातच्या दक्षिणेला तीसेक किलोमीटरवर दुरुपिनार नावाची जागा आहे. तुर्की लष्करातले कॅप्टन इल्हान दुरुपिनार यांना 1959 मध्ये हवाई छायाचित्रांत तिथे जहाजाच्या आकाराचा उंचवटा दिसला. लांबी साधारण 160 मीटर. भूवैज्ञानिक म्हणतात की हा खडकांचा नैसर्गिक आकार आहे. पण ड्रोनने वरून टिपला की दिसतो खरोखर होडीसारखा, त्यामुळे पडद्यावर तो कायमचा बसला. या जागेचा सगळ्यात मोठा प्रचारक रॉन वायट हा अमेरिकेतला भूल देणारा परिचारक. याच गृहस्थाने 1982 मध्ये जेरुसलेममध्ये आपल्याला कराराचा कोशही सापडल्याचे सांगितले. एकाच माणसाला दोन्ही! पुरावा दोन्हींचा नाही. पण भाच्याचा घोळ जर कोणी प्रत्यक्षात उतरवला असेल तर तो यानेच.

कोशाचा शोध वेगळ्या जातीचा. इथे डोंगर चढायचा नसतो. भुयारे असतात, पहारे असतात, आणि राजकारण असते. कथेप्रमाणे जेरुसलेममधल्या शलमोन राजाच्या मंदिराच्या गाभाऱ्यात कोश ठेवला होता. बाबिलोनच्या फौजेने इसवी सनापूर्वी सहाव्या शतकाच्या सुरुवातीला ते मंदिर जाळले. बायबलात लुटीची यादी आहे, पितळी खांबांपासून भांड्याकुंड्यांपर्यंत सगळे मोजलेले, पण कोशाचे नाव नाही. सगळ्या मालिका या एका गाळलेल्या ओळीवर उभ्या आहेत. एक जुना ग्रंथ म्हणतो की यिर्मया संदेष्ट्याने तो नेबो डोंगरावरच्या गुहेत लपवला. इसवी सनापूर्वी 63 मध्ये रोमन सेनापती पाँपे गाभाऱ्यात शिरला तेव्हा आत काहीच नव्हते.

1909 ते 1911 या काळात माँटेग्यू पार्कर या इंग्रज सरदारपुत्राने जेरुसलेमात खोदकाम केले, तेही बायबलात गुप्त संकेत सापडल्याचा दावा करणाऱ्या एका फिनिश माणसाच्या भरवशावर. शेवटी लाच चारून, अरबी वेष करून, हे लोक रात्री हरम-ए-शरीफच्या, म्हणजे त्या जुन्या मंदिराच्या जागी असलेल्या मुस्लिमांच्या पवित्र आवारात खोदायला गेले. बातमी फुटली, शहरात दंगा उसळला, आणि मंडळी याफाच्या बंदरातून बोटीने पळाली. आजही त्या जागेवर कुदळ मारू देणे कोणत्याही सरकारला परवडणारे नाही. त्यामुळे टीव्हीचा निवेदक आजूबाजूच्या भुयारांतून फिरतो आणि भिंतीकडे अर्थपूर्ण नजरेने पाहतो. त्याहून अजब प्रकार आयर्लंडमध्ये झाला. 1899 ते 1902 या काळात काही इंग्रजांनी कोश तिथे पुरलाय असे धरून टाराची ऐतिहासिक टेकडी खणून खराब केली.

आणि मग इथिओपिया. तिथली परंपरा सांगते की शेबाची राणी मकेदा आणि शलमोन यांचा मुलगा मेनेलिक याने कोश आपल्या देशी आणला आणि तो आज अक्सुमच्या सेंट मेरी झायन चर्चमध्ये आहे. एक साधू जन्मभर त्याची राखण करतो. बाकी कोणी तो पाहायचा नाही. एडवर्ड उलेनडॉर्फ या अभ्यासकाने पुढे सांगितले की 1941 मध्ये त्याने तिथली पेटी पाहिली होती: रिकामी, मध्ययुगीन, लाकडी. अक्सुमच्या श्रद्धेवर त्याचा काही परिणाम झाला नाही, आणि मालिकांवरही नाही. प्रत्येक भाग चर्चच्या कुंपणाशी येऊन थांबतो.

इथिओपियात प्रत्येक ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये कोशाचे प्रतीक म्हणून एक पाटी असते, लाकडाची किंवा दगडाची. तिला म्हणतात ‘ताबोत’. हा शब्द त्याच जुन्या ‘तेवा’च्या कुळातला, आणि इथिओपियाच्या धर्मभाषेत तारू आणि कोश दोन्हींना तोच चालतो. म्हणजे तिथेही घोळ! अरबीत त्याचे भावंड ‘ताबूत’. कुराणात कराराचा कोश ताबूत आहे आणि मोशेची टोपलीही ताबूतच, पण नोहाच्या जहाजाला वेगळा शब्द. तोच ताबूत फारसीमार्गे आपल्या गावात आला आणि मोहरमला बसू लागला. कागदा-कामट्यांचा ताबूत खांद्यावर घेऊन चाललेली मिरवणूक लहानपणी पाहिलेल्यांना टीव्हीवरचे ते चार पुजारी फार परके वाटायला नकोत.

त्या दोन हिब्रू शब्दांपैकी ‘तेवा’ महाराष्ट्रात अजून नांदतो. मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायली ज्यू समाजाच्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे प्रार्थनागृहात, उदाहरणार्थ मुंबईच्या 1796 मधल्या शार हरहमीममध्ये, तोरा या धर्मग्रंथाच्या गुंडाळ्या ठेवायचे कपाट जेरुसलेमच्या दिशेच्या, म्हणजे पश्चिमेच्या भिंतीला असते. त्याला हेखाल म्हणतात. इतर अनेक ठिकाणच्या ज्यूंमध्ये त्याचे नाव ‘आरोन’. आणि मधोमध कठड्याचा जो चौथरा असतो, ज्यावर उभे राहून तोरा वाचतात, तो ‘तेवा’.

मुंबईचा आणखी एक धागा कमी गोड आहे. 1867-68 मध्ये इथिओपियाच्या सम्राटाविरुद्ध ब्रिटिशांनी पाठवलेली मोहीम मुंबईहून निघाली होती. सेनापती रॉबर्ट नेपियर हे मुंबई इलाख्याच्या फौजेचे प्रमुख. सोबत भारतातून नेलेले 44 हत्ती, तोफा वाहायला. मकदला किल्ला पडल्यावर जी लूट झाली तिच्यात ताबोतही होते, आणि त्यातले काही लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये पोचले. ते मांडलेले नाहीत. बंद खोलीत ठेवले आहेत, आणि ते पाहण्याचा अधिकार इथिओपियन धर्मगुरूंनाच आहे.

भाच्याला यातले हत्तींचे तेवढे आवडले. “म्हणजे पेटीसाठी पण हत्ती होते,” तो म्हणाला.

मी म्हटले, “होते. फक्त आत नव्हते.”