त्राईरा: एका नावाखाली किती मासे?

मेक्सिकोच्या दक्षिण भागापासून पार पॅटागोनियापर्यंतच्या नद्यांत गोड्या पाण्यातल्या माशांच्या सहा हजारांहून जास्त प्रजाती नोंदल्या गेल्या आहेत, आणि दरवर्षी भर पडतेच आहे. ही भर दोन वाटांनी पडते. कधी आजवर कुणी जाळे न टाकलेल्या ओढ्यात खरोखरच नवा मासा सापडतो. कधी वर्षानुवर्षे एकच समजलेला मासा प्रयोगशाळेत जातो आणि त्याचे तीन-चार होऊन बाहेर येतात. २०१९ साली इलेक्ट्रिक ईलचे असेच झाले. अडीचशे वर्षे एक मानलेल्या प्रजातीच्या तीन झाल्या. त्राईराचे घोंगडे मात्र चाळीस वर्षांहून अधिक काळ भिजत पडले आहे.

त्राईरा म्हणजे हॉप्लियास मलबारिकस. अर्जेंटिनात त्यालाच तारारिरा म्हणतात. संथ पाण्यात, पाणवनस्पतींच्या आडोशाने दबा धरून बसणारा दातेरी शिकारी. आपल्याकडच्या मरळीची आठवण यावी असा, नात्याने मात्र तिच्यापासून फार लांबचा. १७९४ साली युरोपात त्याचे शास्त्रीय वर्णन झाले तेव्हा नमुना भारतातला आहे अशी चुकीची माहिती होती, म्हणून मलबारचे नाव चिकटले. नमुना बहुधा सुरिनामचा होता. नामकरणाच्या नियमांनुसार नाव भूगोलाला धरून नसले तरी बदलत नाही. पुढे कोस्टारिकापासून अर्जेंटिनापर्यंत जिथे जिथे असा मासा मिळाला तिथे तिथे हेच नाव लावले गेले, आणि ते खपूनही गेले.

हा मासा एवढ्या मुलखात पसरला कसा, हा प्रश्न फार मागे नेतो. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका वेगळ्या होऊन दहा कोटी वर्षे झाली, आणि त्राईराच्या गणातले मासे आजही दोन्ही खंडांत आहेत. अँडीज उंचावत गेली तशी खोरी तुटली. पश्चिम ॲमेझोनियात लाखो वर्षे दलदलींचे मोठे जाळे होते. ते सरून ॲमेझॉन पूर्वेकडे वाहू लागली त्याला साधारण एक कोटी वर्षे झाली. त्राईरापुरते महत्त्वाचे काय, तर हा मासा फार भटकत नाही. नर घरट्यातल्या अंड्यांची राखण करतो, कमी प्राणवायूतही तग धरतो आणि उगमाजवळच्या लहान डबक्यांत पिढ्यानपिढ्या राहतो. झीज होता होता एका नदीचा उगम दुसरीने ओढून घेतला, की त्यातले मासे आयतेच दुसऱ्या खोऱ्यात जातात आणि मूळच्या गोतावळ्याला कायमचे मुकतात.

खरे भांडण सुरू झाले ते १९७०च्या दशकात, ब्राझीलमध्ये या माशांची गुणसूत्रे मोजली गेली तेव्हा. पद्धत साधी, पण मासा जिवंत हवा. त्याला कोल्चिसिनचे इंजेक्शन देतात, म्हणजे पेशींचे विभाजन मध्येच अडते. मग मूत्रपिंडाचा तुकडा काढून पेशी पातळ क्षारद्रावणात फुगवायच्या, मिथेनॉल आणि ॲसिटिक ॲसिडमध्ये स्थिर करायच्या, काचपट्टीवर थेंब टाकून गिम्सा या रंगाने रंगवायचे. सूक्ष्मदर्शकाखाली गुणसूत्रे सुटी दिसतात आणि मोजता येतात.

मोजली, तर एका ठिकाणच्या माशात ४२ आणि दुसऱ्या ठिकाणी ४०. एका प्रकारात मादीची ४० आणि नराची ३९! हा आकडा मोजण्यातली चूक नव्हता. दोन गुणसूत्रे जुळून नराचे वाय गुणसूत्र बनले होते, त्यामुळे नराकडे एक नग कमी. आणखी एका प्रकारात उलटे, मादीत ४० आणि नरात ४१. २००० सालापर्यंत ‘ए’ ते ‘जी’ असे सात प्रकार मांडले गेले. काहींत लिंगगुणसूत्रे वेगळी ओळखूच येत नाहीत, एकात साधी एक्स-वाय जोडी, दोघांत दोनपेक्षा जास्त लिंगगुणसूत्रांची व्यवस्था. शिवाय काही ठिकाणी दोन प्रकार एकाच पाण्यात राहत होते आणि त्यांच्यात संकर आढळला नव्हता.

दोन गट शेजारी राहतात, संकर करत नाहीत, त्यांची गुणसूत्रे जुळत नाहीत. मग त्यांना दोन प्रजाती म्हणायला आणखी काय हवे? तरीही या सात प्रकारांना नावे न देण्याचाच निर्णय टिकला. वर्गीकरणवाल्यांचे म्हणणे असे, की नाव देण्यासाठी संग्रहात ठेवलेला आदर्श नमुना आणि बाहेरून दिसणारा फरक हवा. खवले, फिनांचे काटे, जबड्याखालचा आकार यांत या प्रकारांचा मेळ बसत नव्हता. दुसरी अडचण अधिक खरी होती. अल्कोहोलमधल्या जुन्या माशाची गुणसूत्रे मोजता येत नाहीत. मग मूळचा मलबारिकस सातांपैकी कोणता, हे ठरणार कसे? आणि ते ठरल्याशिवाय बाकीच्यांना नवी नावे द्यायची कशाच्या आधारावर?

आक्षेप नियमाला धरून आहे, पण त्याची किंमत माशांनी मोजली. मधल्या काळात ‘प्रजाती-संकुल’, म्हणजे एकाच नावाखालचा अनेक प्रजातींचा गठ्ठा, हा शब्द सोयीचा ठरला. निबंधात तो लिहिला की काम भागते, संरक्षणाच्या यादीत मात्र संकुलाला रकाना नसतो. एवढ्या मोठ्या मुलखात पसरलेल्या नावाला धोका असा कधी दिसतच नाही.

२००३ नंतर डीएनए बारकोडिंग आले. मायटोकाँड्रियातल्या एका जनुकाचा साधारण साडेसहाशे अक्षरांचा तुकडा वाचायचा आणि ताडून पाहायचा. यासाठी जिवंत मासा लागत नाही, फिनाचा कपटा पुरतो. त्राईरात अनेक वेगळे वंश पुन्हा दिसले. अँडीजच्या पलीकडची, १८६४ साली नोंदलेली प्रजाती २०१४ साली नव्याने तपासून मांडली गेली, आणि २०१५ ते २०१८ या काळात दक्षिणेकडच्या नद्यांतून तीन नव्या प्रजातींना नावे मिळाली. यांपैकी कोणतेही नाव ‘ए’, ‘बी’, ‘सी’ या अक्षरांवरून पडलेले नाही.

दरम्यान नद्या काही थांबल्या नव्हत्या. ब्राझीलच्या मिनास जेराइस राज्यात फुर्नास धरणासाठी १९६०च्या दशकात पियुम्ही नदीचा प्रवाह पाराना खोऱ्यातून साओ फ्रान्सिस्को खोऱ्यात वळवला गेला. लाखो वर्षे वेगळी असलेली माशांची दोन घराणी एकत्र आली. दोन्हीकडच्या त्राईराचे नाव एकच, त्यामुळे यादीत जणू काही घडलेच नाही. परका कोण आणि मूळचा कोण, हे पाहायला गुणसूत्रांकडेच वळावे लागले.

आता काही संशोधक गट एकाच माशाचे गुणसूत्र-चित्र, डीएनए आणि शरीर एकत्र ठेवतात, पकडल्याच्या जागेच्या नोंदीसह. पुढच्या कामाची त्यामुळे सोय झाली. पण पाऱ्याचे विष, प्राणवायूची कमतरता, प्रजनन अशा विषयांवर ‘हॉप्लियास मलबारिकस’ या नावाने झालेल्या जुन्या कामात जिथे मासाच जपून ठेवलेला नाही, तिथे ते निष्कर्ष नेमक्या कोणत्या त्राईराचे, हे आता ठरवता येत नाही.