वैद्यकीय उपकरणांच्या ऑर्डरची चेकलिस्ट: एकदा साचा बनवा, प्रत्येक ऑर्डरला वापरा

रुग्णाच्या घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर पोचला, मशीन सुरू झालं आणि काही दिवसांनी विम्याचा दावा परत आला. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर 'मिनिटाला 2 लिटर' लिहिलं होतं. दिवसातून किती तास, ते नव्हतं. चेकलिस्ट आमच्याकडे होती की! तिच्यात 'कागदपत्रे तपासली' अशी ओळ होती आणि तिच्यापुढे टिकही होती.

म्हणून साचा बनवताना पहिली अट ही: कागद हातात धरून हो किंवा नाही म्हणता येईल, अशीच ओळ लिहायची. 'चिठ्ठी तपासली' नको. 'चिठ्ठीवर रोजचे तास लिहिले आहेत' हवं.

साच्याचे दोन भाग करा. पहिला भाग प्रत्येक ऑर्डरला लागतो. त्यात ओळखपत्र, चिठ्ठी आणि विमा कार्ड या तिन्हींवर नाव एकसारखं आहे का, चिठ्ठीवर तारीख, डॉक्टरांची सही, नोंदणी क्रमांक आणि निदान आहे का, उपकरणाचं वर्णन आणि नग स्पष्ट आहेत का, विमा कंपनी मागत असेल तर पूर्वमंजुरी आली का, एवढं येतं. चिठ्ठीची तारीख डिलिव्हरीच्या आधीची हवी. हे सांगायची गरज वाटत नाही, पण घाईत इथेच घोळ होतो.

दुसरा भाग उपकरणाप्रमाणे बदलतो, आणि पात्रता इथे ठरते. ऑक्सिजनसाठी रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण हवं, शिवाय ते कधी मोजलं आणि कसं मोजलं तेही: बसून, चालताना की झोपेत. नुसता आकडा पुरत नाही. सीपॅपसाठी (झोपेत श्वास अडू नये म्हणून मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन) झोपेच्या तपासणीचा अहवाल, ठरवलेला दाब आणि मास्कचा साइज. व्हीलचेअरसाठी रुग्णाचं वजन, सीटची रुंदी आणि खोली. शिवाय घराच्या दारांची रुंदी, कारण खुर्ची आत जात नसेल तर बाकी सगळं बरोबर असून काय उपयोग? पात्रतेचे निकष प्रत्येक विमा योजनेचे वेगळे असतात. ते आठवणीवर सोडू नका, योजनेच्या नियमपत्रकातून उचलून ओळीत लिहा.

मूळ साचा लॉक करून ठेवा. ऑर्डर आली की त्याची प्रत काढायची आणि तिला ऑर्डर क्रमांकाचं नाव द्यायचं. जुनी भरलेली प्रत पुसून पुन्हा वापरू नका; मागच्या रुग्णाची एखादी टिक तशीच राहून जाते. वर आवृत्ती क्रमांक आणि बदलाची तारीख हवी. मूळ साच्यात बदल एकाच माणसाने करायचा. 'लागू नाही' हा पर्याय ठेवा, पण शेजारी कारण लिहिल्याशिवाय तो चालणार नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या शस्त्रक्रियेच्या चेकलिस्टमध्ये 19 मुद्दे आहेत, पण ते 3 टप्प्यांत वाटलेले. ऑर्डरलाही तसंच करा: ऑर्डर घेताना, माल निघण्याआधी, बिल पाठवण्याआधी. मधल्या टप्प्यात मशीनवरचा सिरीयल नंबर पोचपावतीवर उतरवायचा. शेवटच्यात पावतीवरची सही, तारीख आणि तोच नंबर जुळवायचा. तोवर बिल थांबलं तरी चालेल.

दावा परत आला की त्याचं कारण नवी ओळ म्हणून साच्यात घाला. आणि अधूनमधून उलटंही बघा: कुठल्या ओळीपुढे एकदाही 'नाही' आलेलं नाही? ती ओळ बिनकामाची असेल, किंवा कुणीतरी न बघताच टिक करत असेल.